ट्रायक्लोसानचा धागा छोट्या रुग्णालयाला परवडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी ५० खाटांचं रुग्णालय, तुम्ही जनरल सर्जन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. महिन्याला शंभरेक ऑपरेशनं. सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय आणि अधूनमधून रात्री दोन वाजता येणारं परफोरेशन, म्हणजे फुटलेलं आतडं. कंपनीचा माणूस (एमआर) ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप असलेला टाक्यांचा धागा दाखवून गेला. ‘जखमेचं इन्फेक्शन ३० टक्क्यांनी कमी होतं, डब्ल्यूएचओनेच शिफारस केलीय’ असं म्हणाला. पाकीट साध्यापेक्षा महाग आहे. सरसकट घ्यायचा, निवडक रुग्णांना वापरायचा, की नाद सोडायचा? आणि सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णाचा जादा खर्च कुणाच्या खिशातून जाणार?

आधी उत्तर सांगतो. सरसकट घेऊ नका. मोजक्या ठिकाणी वापरायला हरकत नाही. पण ती ठिकाणं ठरवायला एक आकडा लागतो, आणि तो कंपनीच्या फोल्डरमध्ये नसतो, तुमच्या ओपीडीच्या ड्रेसिंग रूममध्ये असतो. मी अठ्ठावीस वर्षं पोटं उघडतोय आणि त्यातली अकरा वर्षं एका ट्रस्टच्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल कमिटीवर बसलोय. या धाग्यावर आमच्या कमिटीत जेवढी भांडणं झाली तेवढी ओटीच्या एसीवरही झाली नाहीत.

धाग्यामागची कल्पना जुनी आहे. लिस्टरने १८६०च्या दशकातच कॅटगट कार्बोलिक आम्लात भिजवून वापरलं होतं. शरीरात कुठलीही परकी वस्तू ठेवली की इन्फेक्शन व्हायला जंतू फारच कमी पुरतात, हे १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी माणसांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून दाखवलं. नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखोंनी जंतू लागत होते, तिथे रेशमी टाका घातल्यावर काही शेकड्यांनी काम भागलं. विणलेल्या धाग्याच्या पेडांमध्ये जंतू दडून बसतात, पेशी तिथवर पोचत नाहीत. मग धाग्यावरच जंतुनाशक लावलं तर? त्यातून व्हिक्रिल प्लस हा धागा आला. त्याला अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली, पुढे मोनोक्रिल आणि पीडीएस या धाग्यांचेही ‘प्लस’ अवतार निघाले. ट्रायक्लोसान जंतूंचं मेदाम्ल बनवणारं एक एन्झाइम अडवतं. स्टॅफिलोकोकसवर ते चांगलं चालतं, एमआरएसएवरही (नेहमीच्या अँटिबायोटिकांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस). सुडोमोनास मात्र त्याला मुळातच दाद देत नाही, कारण त्याच्याकडे त्या एन्झाइमचा दुसरा पर्याय असतो. ज्यांच्या जखमांतून हिरवट पू आणि तो गोडसर वास येतो, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक साधी गोष्ट. लेपाचा असर धाग्याच्या आसपास काही मिलिमीटरपर्यंत असतो. रेक्टस शीथला, म्हणजे पोटाच्या स्नायूंवरच्या मजबूत पडद्याला प्लस धागा, वर तीन बोटं चरबी मोकळी सोडलेली, आणि त्वचेला इथिलॉनचा साधा धागा किंवा स्टेपलर, असं शिवल्यावर चरबीत साचलेल्या रक्तात जे शिजणार आहे त्याला खालचा धागा काय करणार? आपल्याकडची बहुतेक इन्फेक्शनं त्याच थरात होतात.

आता पुराव्याकडे येऊ. इथे कंपनीचा माणूस खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

२०१३ साली जर्मनीतल्या होम्बुर्ग इथला एक अभ्यास आला. पोटाच्या ८५६ ऑपरेशनांत इन्फेक्शन ११.३ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी जपानमधल्या नाकामुरांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या ४१० रुग्णांत ९.३ वरून ४.३ टक्के दाखवले आणि खर्चही वाचला असं म्हटलं. असे छोटे-मध्यम अभ्यास एकत्र केले की धोका पाव हिश्शाने, फार तर २८ टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. २०१७ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आलेल्या विश्लेषणात २१ चाचण्या होत्या, २०१९च्या बीएमजे ओपनमधल्या विश्लेषणात २५ चाचण्या आणि जवळपास १२ हजार रुग्ण. तुमच्या एमआरचे ‘३० टक्के’ इथून येतात.

पण २०१४ साली लॅन्सेटमध्ये प्राउड नावाची चाचणी छापून आली होती. जर्मनीतली २४ रुग्णालयं, मधल्या रेषेत पोट उघडलेले १२०० रुग्ण, पीडीएस प्लसविरुद्ध साधं पीडीएस. इन्फेक्शन १४.८ आणि १६.१ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. या चाचणीचा खर्च धागा बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, तरी निकाल तसाच छापला. याचं श्रेय द्यायला हवं.

आणि २०२१च्या शेवटी फाल्कन आली. आपल्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण ती आपल्यासारख्या देशांत झाली: भारत, घाना, नायजेरिया, बेनिन, रवांडा, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको. ५४ रुग्णालयं, ५७८८ रुग्ण, सगळ्यांच्या पोटावर किमान ५ सेंटिमीटरचा छेद. दोन गोष्टी एकाच वेळी तपासल्या. त्वचेला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन की साधं पाण्यातलं पोविडोन आयोडीन, आणि शीथला ट्रायक्लोसानचा धागा की साधा. एकूण इन्फेक्शन २२ टक्के. कमी दूषित ऑपरेशनांत १५.५ टक्के, दूषित किंवा घाण ऑपरेशनांत ३० टक्के. त्या धाग्याने यातल्या कुठल्याच गटात फायदा झाला नाही. दोन्ही गोष्टी महाग आहेत आणि सरसकट वापराची शिफारस या निकालातून टिकत नाही, असं संशोधकांनी स्पष्ट लिहिलं.

मग शिफारशींचं काय? तारखा बघा. डब्ल्यूएचओची शिफारस २०१६ची आहे, तीही सशर्त, मध्यम दर्जाच्या पुराव्यावर. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१७ साली ‘विचार करा’ एवढंच म्हटलं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०१९ साली ‘विचार करा, विशेषतः लहान मुलांत’ असं म्हटलं. मग जून २०२१मध्ये नाइसनेच खर्चाचा हिशेब मांडला आणि या धाग्याने दर रुग्णामागे सरासरी १३ पौंड ६२ पेन्स वाचतात असं काढलं. हे सगळं फाल्कनच्या आधीचं आहे. एमआरच्या फोल्डरमध्ये ही शिफारशींची पानं असतात, फाल्कनचं पान नसतं. आमच्या कमिटीपुढेही तसंच झालं होतं, आणि ते पान काढून दाखवलं ते आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या रेसिडेंट मुलीने. आम्ही सगळे ज्येष्ठ गप्प.

त्या १३ पौंडांवर मात्र थोडं थांबतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

वाचलेले पैसे येतात कुठून? जखम चिघळली की तिकडे रुग्ण आणखी काही दिवस भरती राहतो, आणि एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एका खाटेचा एका दिवसाचा खर्च शेकड्यांनी पौंड असतो. धाग्याला काही पौंड जास्त घातले आणि शंभरातले तीनचार मुक्काम टळले की हिशेब सहज जुळतो. आपल्याकडे धागा परदेशी दराच्या आसपास, पण खाट, सिस्टर आणि ड्रेसिंग रुपयांत. शिवाय आपण रुग्णाला भरती कुठे ठेवतो? टाका उघडतो, पू काढतो, ‘रोज ड्रेसिंगला या’ म्हणतो आणि घरी पाठवतो. तो एसटीने किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून तीन आठवडे येत राहतो. खर्च होतो, पण तो रुग्णालयाच्या वहीत दिसत नाही. तिकडचा परवडण्याचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा आणता येत नाही तो यामुळे. त्या हिशेबातली एक बाजू आपल्याकडे स्वस्त आहे आणि दुसरी बाजू कुणी मोजतच नाही.

हिशेब मात्र अवघड नाही. ‘क्वाली’ (आयुष्याच्या दर्जाचं माप) वगैरे शब्द बाजूला ठेवा. तीनच आकडे लागतात: तुमच्याकडे शंभरात किती जखमा पिकतात, धाग्याने त्यातल्या किती टळतील, आणि दर रुग्णामागे जादा किती पैसे जातात. समजा एका रुग्णाला दोन-तीन पाकिटं मिळून ५०० रुपये जास्त पडतात. हा आकडा मी सोपा हिशेब म्हणून घेतलाय, तुमच्या स्टोअरचा खरा भाव घाला. कंपनीच्या बाजूने बोलू आणि पाव हिस्सा इन्फेक्शन टळतं असं मानू.

तुमचा दर २० टक्के असेल तर शंभरात ५ जखमा वाचतील, म्हणजे २० रुग्णांना धागा वापरला की एक इन्फेक्शन टळलं. त्याला खर्च १० हजार. सौदा चांगला. दर ८ टक्के असेल तर शंभरात २ वाचतील, ५० रुग्णांमागे एक, खर्च २५ हजार. इथे विचार करावा लागेल. आणि दर २ टक्के असेल, जो नीट केलेल्या हर्नियात किंवा थायरॉइडमध्ये असायला हवा, तर २०० रुग्णांमागे एक आणि एक इन्फेक्शन टाळायची किंमत १ लाख. हर्नियाच्या जखमेतला वरवरचा पू १ लाखाचा नसतो.

आता फाल्कन खरी धरली तर टळणारी इन्फेक्शनं शून्य, आणि शून्याने कशालाही भागता येत नाही. सत्य या दोहोंच्या मधे कुठेतरी असावं असा माझा अंदाज आहे. मी स्वतः हिशेबाला १५ टक्के धरतो. का, म्हणाल तर शास्त्रीय कारण सांगता येणार नाही. एका बाजूला डझनावारी छोटे होकार आणि दुसऱ्या बाजूला दोन मोठे नकार असले की मी मोठ्यांकडे झुकतो, पण छोट्यांना पार फेकून देत नाही.

यातला एक विचित्रपणा तुमच्या लक्षात आला असेल. दर जितका जास्त तितका धागा परवडतो असं गणित सांगतं. पण जिथे दर सगळ्यात जास्त, म्हणजे फुटलेलं अपेंडिक्स, टायफॉइडचं परफोरेशन, पोटात शेण, तिथेच फाल्कनने धाग्याला नापास केलंय. ते पटण्यासारखंही आहे. पोटात लिटरभर पू असताना धाग्यावरचं ते इतकुसं ट्रायक्लोसान म्हणजे वणव्यावर तांब्याभर पाणी. अशा रुग्णाची त्वचा मी आजही बऱ्याचदा उघडी ठेवतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी टाके घेतो. त्याला धाग्याचा खर्चच नाही.

तर तो पहिला आकडा. तुमचा दर किती? मी हा प्रश्न विचारला की समोरचा सर्जन हमखास म्हणतो, ‘आमच्याकडे फारसं नसतं हो, एखाद-दुसरं.’ मीही असंच म्हणायचो. मग एका वर्षी आम्ही मोजायला लागलो. व्याख्या ठरलेली आहे: ऑपरेशननंतर ३० दिवसांत, आणि मेशसारखं (हर्नियाची जाळी) काही आत ठेवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत, जखमेतून पू आला किंवा इन्फेक्शन म्हणून जखम उघडावी लागली की नोंद. रुग्ण घरी चौथ्या दिवशी जातो, जखम सातव्या-आठव्या दिवशी लाल होते. म्हणजे वॉर्डातली नोंदवही बघितली तर इन्फेक्शन दिसणारच नाही. आमच्या एका सिस्टरला रोज दुपारी अर्धा तास फोनला बसवलं. दहाव्या दिवशी एक फोन, तिसाव्या दिवशी एक. ‘मावशी, जखमेतून पाणी येतं का? कपड्याला डाग लागतो का? गावातल्या डॉक्टरकडे ड्रेसिंग केलं का?’ शक्य असेल तिथे व्हॉट्सअॅपवर फोटो. आम्ही जो दर समजत होतो त्याच्या अडीचपट निघाला. गावातले डॉक्टर आमचा पू मुकाट्याने निस्तरत होते आणि आम्ही कमिटीत एकमेकांची पाठ थोपटत होतो.

तुम्हाला सहा महिने पुरतील. प्रकारवार मोजा: सिझेरियन वेगळं, हर्निया वेगळा, पोट उघडलेले वेगळे. आणि एक करू नका. कंपनीचा माणूस ‘५० पाकिटं फुकट देतो, वापरून बघा, स्वतः फरक बघा’ म्हणेल. त्या ५० मध्ये काहीही दिसलं तरी त्याला अर्थ नाही. ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलेला दर खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात अडीच हजार, म्हणजे एकूण ५ हजार रुग्ण लागतात. १०० रुग्णांत एकही इन्फेक्शन दिसलं नाही तरी खरा दर ३ टक्के असू शकतो. तुमच्या रुग्णालयात या धाग्याची परीक्षा होणं शक्य नाही, ती दुसऱ्यांनीच करायची. तुमच्याकडून हवा आहे तो फक्त दर.

मोजायला लागलं की आणखी एक गोष्ट होते. धाग्याआधी करायच्या स्वस्त गोष्टी उघड्या पडतात. यावर मी जरा लांबट बोलणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातला पैसा खरा इथे आहे.

आदल्या रात्री वॉर्डबॉय ब्लेडने केस काढतो का? डब्ल्यूएचओची ही शिफारस सशर्त नाही, पक्की आहे: ब्लेड नको. केस काढायची गरज नसेल तर काढू नका, असेल तर क्लिपर. क्लिपर एकदा घ्यायचा असतो, पाकिटागणिक नाही. पूर्वी मी ज्या एका रुग्णालयात जायचो तिथे एकच वस्तरा-होल्डर अख्ख्या पुरुष वॉर्डात फिरायचा.

अँटिबायोटिक कधी देता? छेद घेण्याआधी पाऊण-एक तासात सेफॅझोलिन शिरेतून गेलं पाहिजे. आपल्याकडे ते ‘रुग्ण टेबलावर घेताना’ किंवा ‘मूल काढल्यावर’ दिलं जातं, आणि मग भरपाई म्हणून पाच दिवस सेफ्ट्रायअॅक्झोन, मेट्रोनिडाझोल, वर अमिकासिन. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक पुढे चालवू नये, हीसुद्धा डब्ल्यूएचओची पक्की शिफारस आहे. साध्या हर्नियाला पाच दिवसांची इंजेक्शनं, सलाइनच्या बाटल्या आणि सिस्टरच्या फेऱ्या धरा. हे बंद केलंत तर महागडा धागा त्यातून दोनदा विकत घेता येईल. आमच्या कमिटीत धाग्याचा प्रस्ताव बारगळला तो इथेच. अँटिबायोटिकच्या बिलाचा कागद टेबलावर आला आणि विषयच बदलला.

मग ग्लव्हज. २०२२ साली त्याच संशोधकांच्या गटाची चीता नावाची चाचणी लॅन्सेटमध्ये आली, तेच सात देश, ८१ रुग्णालयं, १३ हजारांवर रुग्ण. पोट शिवायच्या आधी सगळ्या टीमने ग्लव्हज बदलायचे आणि शिवायला वेगळी, स्वच्छ ठेवलेली हत्यारं घ्यायची. बस्स एवढंच. इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. शंभरातले तीन. खर्च किती? चार जोड ग्लव्हज आणि एक छोटा ट्रे: नीडल होल्डर, दातरी फोर्सेप, कात्री, दोन आर्टरी फोर्सेप. सीएसएसडीचा (हत्यारं निर्जंतुक करणारा विभाग) मामा पहिल्या आठवड्यात कुरकुर करेल, दुसऱ्या आठवड्यात ट्रे स्वतःच लावून ठेवेल. धागा आणि हा ट्रे यातलं एकच मिळणार असेल तर मी डोळे झाकून ट्रे घेईन.

शिवण्याची पद्धतही इथेच सांगतो. स्वीडनमधल्या सुंड्सवालच्या गटाने २००९ साली दाखवलं की शीथचे टाके लांब लांब, एक-एक सेंटिमीटर मांस घेऊन घालण्याऐवजी पाच-आठ मिलिमीटरवर, फक्त शीथ धरून घातले तर इन्फेक्शन १०.२ वरून ५.२ टक्के झालं आणि पुढे त्या जागी होणारे हर्नियाही कमी झाले. नेदरलँड्समधल्या स्टिच चाचणीत २०१५ साली इन्फेक्शनमध्ये तसा फरक दिसला नाही, पण वर्षभरानंतरचे हर्निया २१ वरून १३ टक्क्यांवर आले. छेदाच्या लांबीच्या किमान चौपट धागा लागला पाहिजे, हे गणित. काही मिनिटं जास्त जातात. रात्री तीन वाजता भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतो, मान्य.

आणि उरलेल्या धाग्याची बरणी. तुमच्याकडे नसेल अशी आशा आहे. उरलेले तुकडे स्पिरिटमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णाला वापरायची चाल मी या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती महाग धाग्याच्या बाबतीत जास्त होते. पाकीट महाग पडतं म्हणून अर्धं जपून ठेवायचं. ट्रायक्लोसानचा धागा बरणीत गेला की तुम्ही जादा पैसे देऊन जादा इन्फेक्शन विकत घेतलंत.

लॅप्रोस्कोपीचं एक वेगळं. पोर्टची, म्हणजे दुर्बिणीसाठी पाडलेल्या भोकाची जखम चांगली भरते, रुग्ण खूश, आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळ गाठ होऊन पातळ पाणी गळायला लागतं. नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, कुठलंही अँटिबायोटिक लागू पडत नाही. असे दोन-तीन रुग्ण लागोपाठ आले तर धाग्याकडे बघू नका. हत्यारं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात बुडवून नंतर नळाच्या किंवा उकळलेल्या पाण्यात धुतली जातात का ते बघा. क्षयरोगाच्या जंतूंचे हे चुलतभाऊ पाण्यातून येतात. हत्यारं सुटी करून, ब्रशने घासून ऑटोक्लेव्ह (वाफेने) किंवा इटीओ (वायूने) निर्जंतुक करणं हाच उपाय, आणि एका रुग्णाला महिनोन्महिने क्लॅरिथ्रोमायसिन चालवावं लागलं की त्या ऑटोक्लेव्हची किंमत कळते.

इतकं करून तुमचा दर खाली आला, तरी काही रुग्ण उरतातच. तिथे मी हा धागा वापरतो. ठरवून केलेली मोठ्या आतड्याची ऑपरेशनं, विशेषतः रुग्ण मधुमेही किंवा जाड असेल तर. वापरायचा ठरला की शीथला आणि त्वचेखालीही, दोन्हीकडे, नाहीतर अर्धवट काम होतं. लहान मुलाच्या मेंदूतल्या पाण्याला वाट द्यायला शंट, म्हणजे नळी घालणाऱ्या न्यूरोसर्जन मित्राला मी तो खुशाल वापर म्हणतो. अभ्यास छोटा आहे, ६१ रुग्णांचा, पण तिथे एका इन्फेक्शनची किंमत इतकी भयंकर आहे की पाचशे रुपयांचा हिशेब करत बसू नये. मेशच्या हर्नियाला लोक हाच न्याय लावतात. मेश पिकली तर काढावी लागते, हे खरं. पण मेश आपण प्रोलिनच्या साध्या धाग्याने बसवतो, प्लस धागा फक्त वरच्या थरात जातो, आणि दर मुळातच १-२ टक्के. मी वापरत नाही. माझे एक सहकारी वापरतात, आणि त्यांना चूक म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

सिझेरियनला मॅडमनी साधाच धागा ठेवावा असं माझं मत. चरबी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तो थर शिवून घ्यावा. नाळ कापल्यावर नव्हे, छेदाआधीच सेफॅझोलिन द्यावं, आणि तासन्‌तास कळा देऊन, पाणी जाऊन आलेल्या बाईला ऑपरेशनआधी योनिमार्ग आयोडीनने पुसून घ्यावा. यातल्या एकेकाचा परिणाम धाग्याइतका किंवा जास्तच आहे, आणि सगळ्यांचा मिळून खर्च एका पाकिटाएवढा नाही.

आता पैसे कुणाचे. महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये पॅकेज ठरलेलं असतं आणि रुग्णाकडून वरचे पैसे घेता येत नाहीत. ‘चांगला धागा लावलाय’ म्हणून बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी देणं तर मुळीच नको, तक्रार झाली की पॅनेलवरून नाव जातं. म्हणजे जादा खर्च तुमचा. पण जखम पिकली तर पुढची ड्रेसिंगही त्याच पॅकेजमध्ये तुम्हालाच करायची, म्हणजे टळलेल्या इन्फेक्शनचा फायदाही तुमचाच. योजनेच्या रुग्णात हिशेब सरळ आहे. गोंधळ रोख पैसे देणाऱ्या रुग्णाचा: धागा त्याच्या बिलात लागतो, इन्फेक्शन झालं तरी ड्रेसिंगचं बिल त्याच्याच नावावर, आणि रुग्णालयाला दोन्हीकडून मिळतंच. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत हा धागा सरसकट का वापरला जातो याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आणि भाव करायचा असेल तर असा करा. समजा सहा महिन्यांनी तुमचा आतड्याच्या ऑपरेशनांचा दर ६ टक्के निघाला. मी म्हणतो तसे १५ टक्के टळतात असं धरा, म्हणजे हजारात ९. एका इन्फेक्शनमागे ड्रेसिंग, औषधं, सिस्टरचा वेळ आणि रुग्णाची बुडालेली मजुरी मिळून तुमचा आकडा २० हजार आला असं समजू. मजुरी त्यात धराच, ती कुणीच धरत नाही. ९ गुणिले २० हजार म्हणजे हजार रुग्णांमागे १ लाख ८० हजार, एका रुग्णामागे १८० रुपये. दोन पाकिटं लागतात तर साध्या पाकिटापेक्षा ९० रुपयांपर्यंत जास्त द्यायला तुम्हाला परवडतं, एक रुपया वर नाही. एमआरला हा कागद दाखवा आणि ९०चा भाव मागा. तो आधी हसेल, मग मॅनेजरला फोन लावेल. आता आपल्याकडच्या कंपन्याही असा धागा काढतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीत भाव खाली येतो. आमच्याकडे आला होता. तोपर्यंत फोनवाल्या सिस्टरला बसवा, आणि ओटीत शिवणीचा वेगळा ट्रे सोमवारपासून लावायला सांगा.